शांतवनाच्या नावाची मूठ

मंडळी, आधी एक सांगा — आपलंच माणूस भलत्याच्या नादी लागलं, तर त्याच्यापुढं शास्त्र उघडायचं, की दार? काय म्हणता, दोन्ही? बरं, पण आधी कुठलं? ऐका!

सालोमीबाई ओहोळ, आपल्या नगरकडच्याच एका खेड्यातली विधवा. एकुलता एक लेक, शांतवन. चर्चमध्ये भजनाला ढोलकी त्याची — आणि हात असा, की म्हातारे खोकायचं विसरायचे!

एकदा तालुक्याला स्वतःला 'गुरुबंधू' म्हणवणारा एक जण आला. पांढरा झगा, गोड आवाज! "देवानं शेवटचं सत्य मला एकट्यालाच सांगितलंय. तुमची चर्चची मंडळी बुडाली. त्यांच्या हातचं पाणीसुद्धा घेऊ नका!" शांतवन भुलला! बायकोला घेऊन त्याच्याकडंच राहायला निघाला. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला — पोरानं तोंड फिरवलं! आयाबायांनो, काय झालं असेल हो त्या माउलीचं?

मग आपल्या चर्चचे पंच याकोबराव पाठारे धावले. बायबल काखेत! वचनावर वचन, वचनावर वचन — पोराला श्वास घेऊ दिला नाही! परत येऊन मिशीत हसले, "निरुत्तर केला!" अहो याकोबराव, निरुत्तर केलात, पण आणलात का? पोरानं आतून कडी लावून घेतली!

खोट्याला खोटंच म्हणायचं, मंडळी, तिथं भीड नको. पण सालोमीबाईचं काम निराळं होतं. आपल्याकडं दळण काढताना बाया घरातल्या एकेकाच्या नावानं देवाच्या मडक्यात धान्याची मूठ टाकतात ना? आणि सुगीच्या सणाला नावं घेऊन ते चर्चमध्ये ओततात? सालोमीबाई शांतवनची मूठ टाकतच राहिली. याकोबराव कावले, "बाई, तो आपल्यात राहिला न्हाई. त्याची मूठ कशाला?"

"तुमच्यात नसंल," ती म्हणाली, "माझ्या घरात हाय!"

इकडं शांतवननं एक दिवस गुरुबंधूला विचारलं, "आईचं पाणी टाकायचं, हे शास्त्रात कुठं आहे?" झालं! त्याच दिवशी नवराबायको रस्त्यावर. जायचं कुठं? घरी जायला तोंड नाही!

सुगीचा सण. दोघं चर्चच्या दाराबाहेर, भिंतीला चिकटून. आत सालोमीबाईनं मडकं उचललं. "ही बाजरी माझी. ही सुनंची. आन् ही — माझ्या शांतवनची!"

पोराला हुंदका आवरेना! सगळ्यांनी वळून पाहिलं. याकोबराव उठले. बायबल काखेत! सालोमीबाईला वाटलं — आता हे वचन काढणार! याकोबराव दारात गेले, पोराच्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "लेकरा, जेवलास का?"

सालोमीबाईनं हात जोडले. "देवा, तुझे लई उपकार!" एवढंच म्हणाली. मंडळी, मलाही याहून मोठी प्रार्थना येत नाही!

तुम्ही विचाराल, महाराज, हे तुम्हाला कसं ठाऊक? अहो, मघापासून माझ्यामागं ही ढोलकी कोण वाजवतंय? हे आमचे शांतवन! तेच म्हणाले, "माझं सांगा, कुणाच्या तरी घरी उपयोगी पडंल."

तर आता घरी जा. दळण काढाल, तेव्हा आठवा — तुमच्या मडक्यात कुणाची मूठ पडायची थांबलीय?

वाजवा, शांतवन!