आईचे पाय: आधी आणि नंतर

— बसा हो ताई, स्टुलावर बसा, दोनच शर्ट राहिलेत. आणि ते पत्रक लपवू नका, पाहिलंय मी. वरच्या डॉक्टरचं ना? माझा सख्खा भाऊ तो. नाही, चेहऱ्यावरून नाही कळायचं — तो एसीत असतो, मी इस्त्रीपुढे. काय? व्हेरिकोज म्हणजे काय, हे त्यानं सांगितलंच नाही? कसा सांगेल, त्याला शब्द फक्त बोर्डावर लावायला लागतात. लॅटिन शब्द आहे तो. व्हेरिक्स — फुगून वेडीवाकडी झालेली शीर. माणसं पोटासाठी उभी राहायला लागली तेव्हापासूनचा असणार. पण मला हा शब्द आधी भेटला तो शंखात. हसू नका. प्राणिशास्त्राला होतो मी, दुसऱ्या वर्षाला. समुद्रातली गोगलगाय वाढता वाढता थांबते, तिथे शंखाच्या तोंडाशी जाड कड येते, मग ती पुन्हा वाढते, कड तशीच राहते — त्या कडेलाही व्हेरिक्सच म्हणतात. बोट फिरवलं की कळतं, इथे थांबली होती. मीही थांबलो. फक्त पुढे वाढलो नाही, एवढाच फरक.

का थांबलो? उघडा ते पत्रक, उघडा ना. डावा फोटो, ‘उपचारापूर्वी’ — ते पाय माझ्या आईचे. घोट्याच्या वर तो त्रिकोणी डाग दिसला? भाजल्याचा आहे, याच इस्त्रीचा. आता उजवा फोटो बघा, ‘उपचारानंतर’. डाग कुठाय? शिरेबरोबर भाजल्याची खूणही काढतात का हो? कुणाचे पाय आहेत देव जाणे, आईचे नाहीत. तिचं ऑपरेशन झालंच नाहीये. दादा म्हणाला होता, ऑपरेशन करू, पण मग तिला उभं राहता येणार नाही, दुकान कोण बघणार? आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं. एका वर्षाचा तर प्रश्न आहे, म्हणाला. सोडलं कॉलेज. पण ऑपरेशन पुढेच जात राहिलं — आधी आईची शुगर वाढली, मग त्याचं मशीन बिघडलं, मग साहेबांना परिषदेला जायचं होतं. आई अजून सकाळी इथेच उभी असते — टेबलं दोन झाली, बस्स, एवढीच प्रगती.

या शब्दाच्या भावकीत आणखी एक शब्द आहे, प्रीव्हेरिकेटर, ऐका. फेंगडं चालणारा, असा मूळ अर्थ. पण रोमन लोक तो वकिलाला लावायचे — तुमची बाजू मांडायला उभा राहतो आणि आतून समोरच्याला मिळालेला असतो, त्या वकिलाला. वाचलं आणि म्हटलं, सापडला! हाच आमचा दादा!

म्हणून काल ते पत्रक आईपुढे आपटलं. म्हटलं, बघ तुझ्या हुशार लेकाचे धंदे. ती कॉलर दाबत होती, हात थांबला नाही तिचा. म्हणाली, “मला विचारूनच छापलंय.” म्हटलं, आणि ऑपरेशन? तर म्हणे, “मला नव्हतंच करायचं. मीच त्याला म्हटलं होतं, धाकट्याला तसं सांग.” का? तर — “नाहीतर तू कशाला थांबतोस इथे? एक वर गेला, परत खाली बघितलं नाही. तूही गेला असतास.”

आता सांगा. दादाला शिव्या देता येतात हो, दोन वर्षं देतोच आहे, सवय आहे. पण ही — फी भरायला हिनेच पाठवायचं, अभ्यास कर म्हणून हिनेच उठवायचं, आणि — नाही, माया म्हणू नका तिला. तुम्ही थोरली माणसं काहीही करता आणि वर माया म्हणता. माझ्याच बाजूने उभी होती ना ती? सगळा वेळ?

झाले शर्ट. राहू द्या, पैसे नंतर द्या. दार सोडा, ती येतेय — पायांकडे बघू नका तिच्या. निघा तुम्ही.