आधी लोखंडाक हात

...आणि चटका दोघांना बसतो ना, मग नाव माझं एकटीचंच का? तुम्हाला सांगते, मुलुंडच्या आमच्या दुकानात पहिल्या मजल्यावर ब्लँकेटं, शाली, दुलया, सगळं माझ्याकडे, अकरा वर्षं झाली, कुणी विचारलं तर खाली दारावरूनच सांगतात, वर सुनंदाताईंकडे जा... आणि गेल्या डिसेंबरात माझं नाव काय पडलं? मीटर, विजेचं. मीटर येतंय, बाजूला व्हा. बिलिंगवरची श्रुतिका, माझ्या लेकीच्या वयाची, ती पावती माझ्या हातात देईना, टेबलावर ठेवून बोटाने पुढे सरकवायची.

मी काय केलं होतं? काही नाही. दिवाळीनंतर कंपनीने मजल्यावर नायलॉनचा गालिचा घातला, राखाडी, पाय टाकला की ढगात टाकल्यासारखा. आम्हाला युनिफॉर्म दिला पॉलिएस्टरचा. एसी असा कोरडा की मुंबईत राहून माझे ओठ फुटले. आणि मी दिवसभर त्या ढगावर रबरी सँडल घासत ब्लँकेटं उलगडायची, दाखवायची, परत घडी घालायची.

खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडतं. दुपारी तीनच्या सुमाराला गिऱ्हाईक नसतं, छतातून बासरीचं काहीतरी संथ चालू असतं, हातात मऊमऊ ब्लँकेट, आणि त्याच्या पिशवीवर बर्फाच्या डोंगराचा फोटो. मी त्या फोटोत जाते. आता माझा जन्म घाटकोपरचा, आमच्याकडे थंडी म्हणजे पंखा दोनवर, पण तिथे मला सगळं ठाऊक असतं... लाकडाचं घर आहे, खिडकीला वाफ धरलीय, आत कुणीतरी चहा करतंय आणि मला उठायचं नाहीये. चहा येतोय, कप माझ्या हातात देतायत, मी हात पुढे करते, आणि टच्च! लोखंडी स्टँडचा चटका. डोंगर गेला, चहा गेला, समोर बाई उभी, विचारतेय, डबल बेडचं आहे का?

स्टँडचं ठीक होतं हो, स्टँड तक्रार करत नाही. पण एका शनिवारी श्वेता नावाची मुलगी आली, सातवा महिना, बरोबर सासू. तिला जांभळी शाल आवडली. मी म्हटलं, पांघरून तर बघ, आणि तिच्या खांद्यावर शाल टाकताना माझं बोट तिच्या मानेला लागलं. टच्च. ती दचकली, तिने पोटावर हात ठेवला, आणि सासूबाईंनी जो आवाज लावला... माझ्या सुनेला करंट दिला, बाळाला काही झालं तर कोण जबाबदार, पोलीस कुठे, मॅनेजर कुठे! सगळा मजला गोळा. ती पोर एवढंच म्हणत होती, आई, मी बरी आहे. पण ऐकतंय कोण? शाल तिथेच टाकून दोघी गेल्या.

मग क्षमा मॅडम, आमच्या मॅनेजर. त्या ओरडत नाहीत, त्या हळू बोलतात, ते वाईट असतं. म्हणाल्या, सुनंदाताई, उद्यापासून तीन दिवस देते. एक तक्रार अजून आली तर तुम्ही गोडाऊनला. गोडाऊन म्हणजे तळघर, ट्यूबलाइट, खोके. तिथे ब्लँकेटं असतात, पण शिवलेल्या गोणीत. तिथे कुणी उलगडून बघत नाही, कुणी गालाला लावत नाही. त्या रात्री मी सहदेवला, म्हणजे नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, तिथे बसायला तरी मिळेल. पुरुषांना काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी मी लिफ्टमध्ये रडले. लिफ्टवर दत्ताराम काका असतात, मालवणचे, आधी गिरणीत वायरमन होते, उभा जन्म तारांत गेला. ते कधी कुणाला काही विचारत नाहीत, पण दोन मजल्यांच्या मध्ये त्यांनी लिफ्ट थांबवली आणि म्हणाले, "अगो बाय, करंटाक वाट व्हयी. तू लोखंडातसून वाट दी, नायतर तो माणसातसून काढतलो. आधी लोखंडाक हात, मगे माणसाक."

मग सगळं नीट समजावलं. गालिच्यावर सँडल घासते, अंगावर पॉलिएस्टर घासतं, हातात ब्लँकेट घासतं, त्याचं अंगात साठत जातं. एरवी आपल्या हवेत दमटपणा असतो, ते हळूहळू निघून जातं, पण एसीने हवा सुकवली की ते अडकतं, आणि ज्याला पहिला हात लागेल त्याच्यात उडी मारतं. चावी हातात धर, म्हणाले, चावीचं टोक आधी मजल्यावरच्या लोखंडी खांबाला लाव, म्हणजे तुझ्या बोटाला पण चटका नाही. तुम्हाला सांगते, अकरा वर्षांत मला इतकं शांतपणे कुणी काही सांगितलं नव्हतं.

मी लागले कामाला. रबरी सँडल काढले, चामड्याच्या चपला घातल्या, त्या अशा करकरायच्या की गिऱ्हाईक मागे वळून बघायचं. युनिफॉर्मच्या आत सुती सदरा. हाताला दर तासाला क्रीम. सकाळी दुकान उघडायच्या आधी गालिच्यावर पाण्याचा हलका फवारा. आणि कुणाच्याही जवळ जायच्या आधी चावी खांबाला. शाल दाखवायची? आधी लोखंडाक हात. सुटे द्यायचे? आधी लोखंडाक हात. श्रुतिका हसायची, ताई, खांबाच्या पाया पडताय का? हस बाई. दोन दिवस एकाला चटका नाही.

तिसरा दिवस मंगळवार. दुपारी साडेतीन, मी डोंगरात. डोळे उघडून बघते तर जिन्याच्या वरच्या पायरीशी श्वेता, एकटीच. सासूबाई खाली उशा बघत होत्या. म्हणाली, मावशी, ती शाल आहे का अजून? आणि तेवढ्यात लाइट गेले. आमच्या मजल्याला खिडकी नाही. बासरी बंद, एसी बंद, काळोख असा की स्वतःचा हात दिसेना. खालून सासूबाईंची हाक, श्वेता, श्वेता! आणि त्या पोरीचा आवाज, अगदी बारीक... "मावशी, मला पायरी दिसत नाहीये. हात द्या ना."

हात द्या. माझ्या काखेत ब्लँकेट, मघापासून घासलेलं. मी गोडाऊनचा विचार केला, खरं सांगते, तिच्याआधी गोडाऊनचा केला. मग चाचपडत जिन्याच्या लोखंडी कठड्याशी गेले, आधी लोखंडाक हात, निळी ठिणगी उडाली चावीवर, मला दिसली. एक हात कठड्यावरच ठेवला आणि दुसरा तिला दिला. तिची बोटं बर्फासारखी गार. काही झालं नाही. मी तिला मागे घेतलं, बाकावर बसवलं, पांघरायला म्हणून ते ब्लँकेट झटकन उलगडलं, आणि काय सांगू तुम्हाला... घडीघडीतून चांदण्या. बारीक, निळ्या, तडतड करत यायच्या आणि विझायच्या. ती म्हणाली, "परत करा ना." मी परत घडी घातली, परत उलगडलं. आकाश पडत होतं आमच्या मध्ये. चार-पाच मिनिटं असेल, मला तर अख्खी सुट्टी वाटली. ती म्हणाली, बाळ हललं.

लाइट आले. सासूबाई धापा टाकत वर. श्वेता म्हणाली, आई, मावशींनी धरलं म्हणून पडले नाही. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग जांभळी शाल उचलून स्वतःच तिच्या खांद्यावर टाकली. सॉरी नाही म्हणाल्या, पण शाल घेतली. मागोमाग आलेल्या क्षमा मॅडमनी सगळं ऐकलं होतं, हळूच म्हणाल्या, राहा वरच.

आता तुम्हाला वाटेल संपलं. मॅडमनी हेड ऑफिसला कळवलं होतं, तिथून हवा दमट करायचं मोठं मशीन मंजूर झालं. ते आलं मार्चच्या शेवटी. मार्चच्या शेवटी! मुंबईत तेव्हा दारात पाऊल टाकलं की दुकानातलं कापडसुद्धा घामेजतं, चटका द्यायचा म्हटला तरी बसणार नाही. पण कंपनीचं पत्रक आलं, मशीन बसवल्यापासून एकही तक्रार नाही, मशीनचा मोठा फोटो, खाली अभिनंदन... आणि त्या मशीनच्या पोटात सकाळ-संध्याकाळ दोन-दोन बादल्या पाणी ओतायचं काम कुणाला दिलंय, सांगा बरं?