देर्लिसचं मत

नीमिया : नाही यायचं म्हणजे नाही यायचं, मावशी. उद्या तुमची खुर्ची रिकामी राहू दे. देर्लिसचं नाव पुकारतील, कुणीच उठणार नाही, आणि सगळे गप्प झाले की मी बोलायला लागेन.

ब्लासिदा : अगं, एवढ्या उन्हातून आलीस, आधी बूड तर टेक. तेरेरे घे, पाल्याचा चहा बर्फगार केलाय. पाण्यात पुदिना घातलाय.

नीमिया : तेरेरे नको मला. तुमचा शब्द हवाय.

ब्लासिदा : शब्द कुठे पळून जातोय? गार हो आधी. फ्रेडी, ‘न्या, न्या’ म्हणून मान देणं पुरे, तूही ये असा सावलीत. आणि काखेत काय आणलंयस ते काळं?

फ्रेडी : झगा आहे, न्या ब्लासिदा. शाळेच्या निरोप समारंभाचा. देर्लिसचा. ही टोपी पण. वर्गाचे झगे शिवायला टाकले तेव्हा त्याचाही टाकला होता. तुम्ही हातावर घेऊन स्टेजवर यायचं, असं ठरलंय.

ब्लासिदा : माप कुणाचं दिलंत?

फ्रेडी : माझं. आम्ही एकाच उंचीचे ना.

ब्लासिदा : दोन बोटं उंच होता तो तुझ्याहून. असू दे. आत पलंगावर ठेव. चुरगळू नकोस.

नीमिया : ठेवू नकोस! मावशी, हा झगा कुणाच्या पैशातला आहे ठाऊक आहे ना? डॉन रुफिनोच्या. झगे, जाकिटं, बँड, रात्रीचं जेवण, सगळं त्याचं. वर्गाचा पाद्रिनो ना तो! मानलेला बाप! बॅनरवर त्याचं नाव आमच्या नावांच्या डोक्यावर, हे एवढाल्या अक्षरांत. आणि देर्लिसचं प्रमाणपत्र तुम्ही त्याच्या हातून घ्यायचं?

फ्रेडी : दरवर्षी कुणीतरी पुढारी असतोच की पाद्रिनो. नाहीतर पोरांच्या पार्टीला पैसे कोण देणार? आपण काय जगावेगळं केलं?

नीमिया : दरवर्षीच्या पाद्रिनोनं वर्गातलं पोर मारलेलं नसतं, फ्रेडी.

फ्रेडी : हळू. न्या ब्लासिदा इथं बसल्यात.

ब्लासिदा : बोलू दे तिला. मला माहीत नाही असं काय बोलतेय ती?

नीमिया : बोलणारच. धरणाची वीज विकून देशाला पैसा येतो, त्यातला काही शाळांसाठी असतो. कायदाच आहे तसा. आपल्या शाळेच्या तुळया बदलायला तो पैसा आला होता. नगरसेवक कोण? रुफिनो. काम कुणाच्या मेव्हण्याला? रुफिनोच्या. वाळवी लागलेल्या तुळयांना यांनी रंग फासला, वर फीत कापली, केक खाल्ला. आणि एप्रिलातल्या त्या वादळात गणिताच्या तासाला आख्खं छप्पर खाली. आम्ही पुढच्या बाकांवरचे पळालो. देर्लिस मागे होता.

ब्लासिदा : मागेच बसायचा. झोपायला बरं पडतं म्हणायचा.

फ्रेडी : घोरायचा पण. गणिताच्या बाई आम्हाला विचारायच्या, इंजिन कुणाचं चालू आहे?

ब्लासिदा : बापावर गेला होता त्यात.

नीमिया : तुम्ही हसताय?

ब्लासिदा : हसू दे गं. त्याच्याबद्दल हसायला कुणी येतच नाही हल्ली. सगळे मान खाली घालून येतात.

नीमिया : मावशी, ऐका ना माझं. वर्गात पहिली आले म्हणून उद्या झेंडा माझ्या हातात आहे आणि आभाराचं भाषणही मलाच करायचंय. आख्खं गाव असेल, रेडिओवाले असतील. मी आभार मानणार नाही. तुळयांचं सांगणार. राजधानीत पुलावर रोषणाई करायला पैसे आहेत, सैन्याच्या संचलनाला आहेत, आणि आमच्या डोक्यावर छप्पर घालायला नाहीत, हे सांगणार. या देशाला आधी काय हवं ते आम्हाला कुणी विचारलं का? मी सांगणार. फक्त तुम्ही त्याच्याकडून ते प्रमाणपत्र घेऊ नका. तुम्ही घेतलंत तर माझ्या बोलण्यात काय राहिलं?

ब्लासिदा : भाषण चांगलं आहे.

नीमिया : मग?

ब्लासिदा : मग काही नाही. मी येणार आहे.

नीमिया : का?

ब्लासिदा : मला त्याचं नाव माईकवर ऐकायचंय. घरात कुणी घेत नाही गं. धाकटी येरुती सुद्धा घेत नाही, आईला रडू येईल म्हणून. आठ वर्षांचं पोर, भावाचं नाव गिळून टाकतं. उद्या पूर्ण नाव घेतील, आडनावासकट. तेवढं ऐकलं की झालं माझं.

नीमिया : ते नाव आपल्या एलिदा बाईंनी घेतलं असतं तर किती बरं झालं असतं! पाद्रिनो त्याच व्हायच्या होत्या. पैसे नव्हते त्यांच्याकडे, नसू देत. शाळेच्या पटांगणात घरचं मटण भाजून खाल्लं असतं आपण. वर्गाच्या मतदानात एका मताने गेलं, मावशी. एका! आणि ते एक मत कुणाचं, ते मला माहितेय.

फ्रेडी : धन्यवाद, न्या ब्लासिदा. हा घ्या पेला.

ब्लासिदा : एकाच घोटात धन्यवाद? म्हणजे आणखी नको, तुला निघायचंय.

फ्रेडी : नाही, ते... शिंप्याकडे अजून दोन टोप्या राहिल्यात.

नीमिया : पळ! विकाऊ कुठला. चिठ्ठ्या यानेच गोळा केल्या, यानेच उलगडल्या, आणि त्या दिवसापासून माझ्या डोळ्याला डोळा देत नाही. काय मिळालं रे? मोटरसायकलला नवं टायर?

फ्रेडी : माझं मत एलिदा बाईंना होतं.

नीमिया : खोटारडा!

फ्रेडी : आईशपथ.

नीमिया : कुठल्या तोंडाने शपथ घेतोस? आणि कुणापुढे, देर्लिसच्या आईपुढे?

ब्लासिदा : सोड त्याला, नीमिया. ते मत मी दिलं.

नीमिया : कुठलं मत?

ब्लासिदा : देर्लिसचं.

नीमिया : नाही.

ब्लासिदा : तूच घेऊन आली होतीस की ते माझ्या दारात. त्याला जाऊन महिना झाला होता. म्हणालीस, मावशी, त्याची खुर्ची आम्ही हलवू देणार नाही, हजेरीत नाव राहील, आणि वर्गात मतदान झालं की त्याचंही मत मोजायचं. तो आमच्यातलाच आहे. त्याच्या वतीने तुम्ही द्यायचं. किती रडले मी त्या दिवशी, माझं मला माहीत. इतकं चांगलं माझ्याशी कुणी वागलं नव्हतं.

नीमिया : ते... जाकिटाच्या रंगासाठी होतं. सहलीसाठी.

ब्लासिदा : त्यालाही दिलं मी. जाकीट लाल म्हटलं, सहल धबधब्याची म्हटलं. हा फ्रेडी मोटरसायकलवरून यायचा आणि फाटकातूनच ओरडायचा, देर्लिसचं काय म्हणणं? मी दिवसभर विचार करायचे, खरंच काय म्हणाला असता माझा पोरगा. तेवढा वेळ तो घरात असायचा.

नीमिया : आणि पाद्रिनोच्या वेळी?

ब्लासिदा : मला धड लिहिता येत नाही. याला म्हटलं, लिही. रुफिनो.

फ्रेडी : मी दोनदा विचारलं होतं, न्या ब्लासिदा. मला वाटलं, चुकून तोंडून गेलं.

ब्लासिदा : दोनदा विचारलंस खरं. दुसऱ्यांदा तर रडतच विचारलंस.

नीमिया : देर्लिसनं त्या माणसाला कधी मत दिलं असतं? कधी तरी?

ब्लासिदा : नसतं दिलं. थुंकला असता. ते मत त्याचं नव्हतंच, पोरी. माझं होतं.

नीमिया : का? मावशी, का पण? माझ्या जिवाचं पाणी पाणी होतंय, सांगा ना मला!

ब्लासिदा : रुफिनो आला होता घरी. इथंच बसला, तू बसलीस तिथं. म्हणाला, न्या ब्लासिदा, निवडणूक आलीय, गावात लोक माझ्याबद्दल काही बाही बोलतात. त्याच वर्गाने मला पाद्रिनो केलं तर लोकांना दिसेल की पोरांच्या मनात काही नाही. देर्लिसचं मत तुमच्या हातात आहे, एवढं करा माझ्यासाठी. मला आधी वाटलं, किटलीतलं उकळतं पाणी ओतावं त्याच्या अंगावर.

नीमिया : ओतायचं होतं!

ब्लासिदा : ओतलं असतं. पण येरुती आतून आली, दप्तर घेऊन. शाळेची वेळ झाली होती तिची. ती कुठल्या खोलीत बसते, ठाऊक आहे ना तुला?

फ्रेडी : पडली तिच्या शेजारच्या. तसाच रंग, तशाच तुळया. मी बोट लावून पाहिलं होतं. भुगा पडतो.

ब्लासिदा : मी त्याला म्हटलं, मत मिळेल. पण आधी त्या खोलीवर नवे पत्रे आणि नव्या तुळया. आठवड्यात ट्रक आला, काम सुरू झालं, मग मी मत दिलं.

नीमिया : पण ते आपलेच पैसे आहेत! त्याच्या खिशातले नाहीत, मावशी! चोरलेलं परत देतोय आणि वर तुमच्याकडून मत घेतोय, एवढं कळत नाही तुम्हाला?

ब्लासिदा : कळतं. अडाणी आहे, बावळट नाही.

नीमिया : हक्क होता आपला!

ब्लासिदा : होता ना. हक्काचं म्हणून पाच महिने तुम्ही वर्गाबाहेर बसलात, आंब्याखाली. मीही बसले तुमच्यात, देर्लिसचा फोटो मांडीवर घेऊन. घोषणा दिल्या. माझा घसा बसला. टीव्हीवाले एकदा आले. मंत्रालयातून एक बाई आली, तिनं भिंतीचे फोटो काढले आणि मला मिठी मारली. अत्तर चांगलं होतं तिचं. पत्रा आला का एखादा?

नीमिया : आला असता. आणखी थोडं रेटलं असतं तर...

ब्लासिदा : आणखी थोडं म्हणजे किती? येरुती रोज त्या खोलीत जात होती. आभाळ भरून आलं की मी धुणं टाकून शाळेच्या कुंपणाशी जाऊन उभी राहायचे. नुसती उभी. काय करणार होते मी तिथं उभी राहून? छप्पर धरणार होते?

फ्रेडी : मी पाहायचो तुम्हाला. वाटायचं, देर्लिससाठी येता.

ब्लासिदा : त्याच्यासाठी आता काय यायचं, बाळा.

नीमिया : घरी का नाही ठेवलंत तिला?

ब्लासिदा : आणि तिनं काय करायचं? माझ्यासारखं दुसऱ्यांचं धुणं? तूच सांगत होतीस ना, शिकलं पाहिजे, शिकल्याशिवाय देश उभा राहणार नाही?

नीमिया : मी असा देश नव्हते म्हणत.

ब्लासिदा : तुझा देश कुठे राहतो, मला ठाऊक नाही गं. रुफिनो कोपऱ्यावर राहतो. त्याचं दार मला सापडतं.

नीमिया : मग ठीक आहे. पत्रे आले ना? आता मी बोलते. उद्या सगळं बोलते.

ब्लासिदा : निम्मेच चढलेत. बाकीचे भिंतीशी रचून ठेवलेत. उद्या तू बोललीस की परवा मजूर यायचे नाहीत. तो हुशार आहे, मुद्दाम निम्मं ठेवलंय.

फ्रेडी : खरं आहे ते, नीमिया. मी काल पाहून आलो. अर्ध्या खोलीवर आभाळ दिसतं.

नीमिया : म्हणजे मी गप्प बसायचं.

ब्लासिदा : हो.

नीमिया : त्याच्या शेजारी झेंडा धरून उभं राहायचं.

ब्लासिदा : हो, पोरी.

नीमिया : मावशी, मी ते मत... मी ते देर्लिस आमच्यात राहावा म्हणून मागितलं होतं. सगळा वर्ग रडत होता. आणि त्याच मताने त्याला मारणारा आमचा बाप झाला. मी केलं हे. मी!

ब्लासिदा : ए, ये इकडे. ये. असं नाही रडायचं. तू चांगलंच केलंस. आम्हा मोठ्यांनी घाण केली आणि तू त्यात पाय टाकलास, एवढंच. ये माझ्याजवळ. डोकं ठेव. वर्षभर एवढ्या घोषणा देणारी तू, एकदा तरी धड रडलीस का त्याच्यासाठी?

नीमिया : वेळच नाही मिळाला.

ब्लासिदा : घे मग आता रडून. फ्रेडी, तू तोंड तिकडे कर.

फ्रेडी : केलंय केव्हाच.

(नीमिया पोटभर रडून घेते.)

नीमिया : फ्रेडी.

फ्रेडी : काय?

नीमिया : सांगायचं होतंस मला.

फ्रेडी : काय सांगणार? न्या ब्लासिदांचं नाव? तू यांच्या दारात येऊन तमाशा केला असतास. मला विकाऊ म्हणालीस, मी ऐकून घेतलं. तसंही माझी आजी मला त्याहून वाईट म्हणते.

नीमिया : वर्गाच्या ग्रुपवर पण टाकलं होतं मी.

फ्रेडी : हो, ते पण वाचलं. डुकराचं चित्र छान होतं.

नीमिया : माफ कर रे.

फ्रेडी : बघू. उद्या जेवणात तुझ्या वाटचा केक दिलास तर विचार करीन.

ब्लासिदा : दोघांनी आता डोळे पुसा. नीमिया, भाषण आणलंयस का बरोबर?

नीमिया : ते फाडून टाकते.

ब्लासिदा : ते नको. आभाराचं. ते कोण करणार?

नीमिया : मला नाही जमणार, मावशी. त्याच्याकडे पाहून त्याचे आभार मानायचे? जीभ वळणार नाही माझी.

ब्लासिदा : म्हणून म्हणते, इथं एकदा म्हणून बघ. माझ्यासमोर जमलं तर कुणासमोरही जमेल.

नीमिया : तुमच्यासमोर? नाही हो.

ब्लासिदा : म्हण. त्याच्याकडे बघायचं नाही. मी पहिल्या रांगेत असेन झगा घेऊन, माझ्याकडे बघ. उभी राहा नीट.

नीमिया : आदरणीय... आदरणीय डॉन रुफिनो...

ब्लासिदा : मोठ्याने.

नीमिया : आदरणीय डॉन रुफिनो, या शाळेतून बाहेर पडणारी आम्ही तीस मुलं...

ब्लासिदा : आकडा नको घेऊस, पोरी. नुसतं ‘सगळी मुलं’ म्हण. म्हणजे देर्लिसही येतो त्यात.