भिंतीवर टाकलेल्या अक्षता

मी मूळची पारोळ्याची, ताई, नाव माझं शमीम, पण गल्लीत मला सगळे काबर म्हणायचे, कारण लहानपणी माझ्या तोंडात तोच एक शब्द, काबर, म्हणजे का, हे असं काबर, ते तसं काबर, नवरदेवाच्या हातात कट्यार काबर, मेहंदी आधी म्हातारीच्या हातावर काबर. शेजारच्या नानी वैतागून म्हणायच्या, व पोर, तुले बठ्ठं समजीसन काय करनं शे, म्हणजे सगळं समजून करायचंय काय तुला? आणि आमची अम्मी म्हणायची, हिला सासरी कोण ठेवून घेणार आहे. ठेवून घेतलं बरं का, वरणगावच्या माणसांनी, पण ते नंतर सांगते.

अब्बांचा किल्ल्याच्या रस्त्याला फोटो स्टुडिओ होता, स्टुडिओ कसला, एक खोली, मागे निळा पडदा, एक स्टूल आणि खिळ्याला दोरीने बांधलेला कंगवा, बांधलेला यासाठी की लोक भांग पाडून झाला की कंगवा खिशात घालून चालते व्हायचे. आता आमच्या मोहल्ल्यातल्या बायांना रेशनकार्डाला फोटो लागायचा आणि अब्बांसमोर नकाब वर करायला त्या लाजायच्या, मग अब्बा कॅमेरा लावून द्यायचे, बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहायचे, आणि बटण मी दाबायची. तिथून सुरू झालं सगळं. मग बाया म्हणायला लागल्या, शमीम, मेहंदीला ये, आणि मग हिंदूंच्या घरूनही बोलावणं यायला लागलं, कारण हळद लावून नवरीला न्हाऊ घालतात तेव्हा तिथे पुरुष कॅमेरावाला कसा चालणार, सांगा बरं.

लग्न होऊन वरणगावला आले तर धंदा वाढलाच. आमचे हे स्वभावाने गरीब, मला गाडीवर सोडायचे आणि मांडवाबाहेर वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी खात निवांत बसायचे, अजून बसतात. लोक विचारायचे, तुमचं काम काय इथे? तर म्हणायचे, मी फोटोग्राफरचा नवरा.

तर काय सांगू तुम्हाला, अल्बम लावायला बसले की माझं काबर परत जागं व्हायचं. एक गोष्ट मला सारखी खटकायची. आमच्याकडे निकाहाच्या वेळी पोरीच्या वतीने बोलणारा वकील आणि गवाह, म्हणजे साक्षीदार, तिला कबूल आहे का विचारायला बायांच्या खोलीत येतात, तेव्हा आई तिच्या शेजारी बसलेली असते, प्रत्येक फोटोत असते. पण हिंदूंच्या लग्नात अंतरपाट खाली होतो, अक्षता उडतात, त्या फोटोत मामी दिसते, आत्या दिसते, लांबची कोण कोण दिसतात, आणि नवरीची आईच दिसत नाही. एका अल्बममध्ये नाही, दुसऱ्यात नाही, कशातच नाही. मी विचारलं, काबर? तर म्हणे मुलीच्या आईने लग्न लागताना पाहायचं नसतं. बरं, पण का नसतं? एक म्हणाली आईची नजर लागते, एक म्हणाली आई रडेल म्हणून, एक म्हणाली पहिल्यापासून आहे बाई, तू फोटो काढ. आणि मग त्या वेळी ती जाते कुठे, हे विचारलं तर कुणालाच धड सांगता येईना, असेल मागे कुठेतरी, म्हणाले.

मग रावेरकडच्या एका लग्नात मला ते पाहायला मिळालं. केळीवाले शेतकरी, चांगलं घर, नवरीची आई कमलअक्का, आणि नवरी तिची धाकटी, जयश्री, ती लग्न करून लांब हैदराबादला जाणार होती. थोरली उज्वला, तिचं लग्न मोडलेलं, ती माहेरीच राहत होती. लग्न मोठ्या लॉनवर होतं आणि तिथे हा एवढा मोठा स्क्रीन लावलेला, स्टेजवरचं सगळं तिथे दिसत होतं. त्यावरूनच वाद लागला. अक्काचा भाऊ म्हणाला, अक्का, तू मागच्या खोलीत बस, तिथे मी टीव्ही जोडून देतो, त्याच्यावर पाह्य, ते काही पाहनं नाही, तो टीव्ही हाये. अक्काची नणंद तिथेच उभी होती, ती म्हणाली, पाहनं ते पाहनंच, मग काचेतून पाह्य का आरशातून पाह्य. झालं, दोघं हट्टाला पेटले आणि शेवटी म्हणाले, या शमीमबाईंना विचारा, यांचा तर धंदाच हा आहे, सांगा बाई, स्क्रीनवर पाहिलं तर पाहिलं म्हणायचं का?

मी तर, ताई, सगळी लग्नं कॅमेऱ्याच्या भोकातूनच पाहिलेली. मग मी पाहिली म्हणायची की नाही पाहिली? मी म्हटलं, अक्का, तुम्हाला काय वाटतं? तर अक्का म्हणाली, मले टीव्ही नको, मी भिंतीकडे तोंड करून बसते.

स्टेजवर दुसरे कॅमेरावाले होते, माझं काम बायांकडचं, म्हणून मंगलाष्टकं सुरू झाली तशी मी अक्काच्या मागे गेले. ती लॉनच्या मागच्या धान्याच्या खोलीत होती. पिठाच्या गोण्या, तेलाचे डबे, केळीची पानं, आणि त्यात ही नवी पैठणी नेसून, नथ घालून, खरंच भिंतीकडे तोंड करून पाटावर बसलेली. मूठ घट्ट मिटलेली. पोरी ताटातून अक्षता वाटत फिरत होत्या, त्यांनी सगळ्यांना दिल्या तशा हिलाही दिल्या असणार आणि हिने घेतल्या असणार.

मी म्हटलं, अक्का, एवढं कशाला, खोलीत तर बसल्याच आहात, भिंतीकडे तोंड काबर? तेव्हा ती न वळता बोलली. म्हणाली, उज्वलाच्या टायमाले मांडव दारातच व्हता, मी सैपाकघरात बसेल व्हती, सावधान म्हने आणि मले राहवलं नाई, खिडकी एवढीशी उघडली आन पाह्यलं. आन पाह्य, पोर घरी आली. मी म्हटलं, अक्का, त्या माणसाचं दुसरीकडे आधीपासूनच होतं असं तुमच्याच घरातल्यांनी मला सांगितलं, त्यात तुमच्या खिडकीचा काय संबंध? ती म्हणाली, मले समजते ते, पन नणंद म्हनली व्हती, वहिनी तू पाह्यलं ना, तेव्हापासून ते मनातून जात नाई. उज्वलाले सांगजो नको, तिले काही माहीत नाई.

तेवढ्यात बाहेर भटजींचा आवाज चढला, सावधान झालं, बँड वाजला, आणि अक्काने काय केलं, माहिती आहे? उठून उभी राहिली आणि मुठीतल्या अक्षता समोरच्या भिंतीवर टाकल्या. आशीर्वाद द्यायचा तसाच हात वर करून. तिच्या पाठीमागे, दोन भिंतींपलीकडे जयश्री उभी होती, आणि ही इकडे भिंतीवर अक्षता टाकते. मी फोटो काढला. बोट आपोआप दाबलं गेलं. आणि मग मी कॅमेरा खाली घेऊन तिथे गोणीवर बसून रडले, लपवत नाही तुमच्यापासून.

अल्बम लावताना मी एका पानावर जयश्री ठेवली, अक्षता अंगावर पडताना, आणि समोरच्या पानावर तिची आई ठेवली, तो एकच क्षण होता ना. पण अक्काने अल्बम उघडलाच नाही. म्हणाली, पोर आखाजीले येऊ दे, सुखाची पाह्यली की मग पाहीन. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, ताई, झोके बांधतात, पुरणपोळ्या होतात. अक्काचा मला फोन, शमीमबाई, तुम्ही बी या. मी काय, काबरच ती, गेले.

जयश्री आली होती, गालावर तेज आलं होतं, हैदराबादचं सगळं भरभर सांगत होती. अक्काने तिला नीट पाहून घेतलं आणि मग अल्बम मांडीवर घेतला. नणंद होती, उज्वला होती. पानं उलटता उलटता ते पान आलं. जयश्री एकदम थांबली. म्हणाली, आई, ही तू? भिंतीवर काहून टाकते? अक्का पान उलटायला गेली. आता सांगावं लागणार होतं आणि उज्वला समोर बसलेली. जयश्री सोडेना, सांग ना व आई, सांग ना. मग अक्काने सांगितलं, मान खाली घालून, खिडकीचं सगळं सांगितलं, आणि म्हणाली, उज्वला, मी पाह्यलं म्हनून तुझं तसं झालं असं मले वाटते.

नणंदेने पदराशी खेळायला घेतलं. बाहेर पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या.

उज्वला म्हणाली, आई, अंतरपाट खाली झाला तेव्हा मी त्याच्याकडे नाई पाह्यलं. मी खिडकीकडे पाह्यलं. मले माहीत व्हतं तुले राहवनार नाई. तुझा डोया दिसला मले फटीतून. त्या लग्नातलं मले तेवढंच आठवते व आई, बाकी समदं मी विसरली, तेवढं नाई विसरली.

अक्का म्हणाली, दिसला व्हता तुले? उज्वला म्हणाली, दिसला व्हता. मग अक्का जी रडली, ताई, किती वर्षांचं साठलेलं कोण जाणे, आणि उज्वला तिला धरून बसली. थोड्या वेळाने नणंद उठली आणि स्वतःच पाणी घेऊन आली.

निघताना उज्वला मला गाडीपर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, मावशी, तुमच्यासोबत कामाला येऊ का? आता ती माझ्या जोडीला असते, हात स्थिर आहे तिचा. लग्नघरात शिरली की आधी विचारते, नवरीची आई कुठे बसणार आहे? आता बरीच माणसं आम्हाला मुद्दाम तोच फोटो मागतात. कोणी तुळशीजवळ बसलेली असते, कोणी देवघरात, एक तर चुलीपाशी डोळे मिटून पळी घट्ट धरून उभी होती. पाहू नये हे बरोबर की चूक, मला नाही सांगता येत, त्यांचं ते ठरवतील. मला एवढंच कळलं की ती बाई मागे कुठेतरी नसते, ती तिथेच असते.

आता माझ्या मुलीचा निकाह आहे, पुढच्या महिन्यात, भुसावळला. आमच्याकडे आईला पाहायला बंदी नाही, पण खरं सांगू का, मला भीती वाटते. कॅमेरा डोळ्याला न लावता मी कधी कोणाचं लग्न पाहिलेलं नाही. हात रिकामे कुठे ठेवू? अक्काला बोलावणं द्यायला गेले तेव्हा तिला हे बोलले, तर माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, डोये भरून पाहजो व माय, माझ्या वाटचं बी पाहजो. आणि उज्वला कॅमेऱ्याची बॅग आवरत होती, ती तिथूनच म्हणाली, मावशी, तुम्ही पोरीकडे पाहा, मी तुमच्याकडे पाहते.

अल्लाह सगळ्यांच्या लेकी सुखात ठेवो, ताई, तुमच्याही. आणि त्यांच्या आयांना पाहू देवो. चला, चहा घ्या, गार झाला तुमचा.