बारा मेगाची वायर

(वडवणी. बंद पडलेल्या फोटो स्टुडिओची मागची खोली. सकाळचे अकरा वाजत आलेत.)

रोहिणी : उत्तरेश्वरकाका, तुमी फोनवर तासाभरात देतो म्हणलात. आता हे साडेसहा तास कुठून आले?

उत्तरेश्वर : चूक झाली, रोहिणी. तुझ्या लग्नाची शूटिंग छत्तीस जीबी हाय. ह्या जुन्या कॉम्प्युटरच्या कागदावर लिहिलंय, ही वायर पेनड्राइव्हवर सेकंदाला बारा मेगा नेती. मी बारानं भागलं.

भागवत : मग भागाकार चुकला का?

उत्तरेश्वर : भागाकार बरोबर हाय. ते बारा मेगाबिट निघाले. मी मेगाबाइट धरले.

भागवत : आमाला समजंल असं बोला. माझ्या ह्या बहिणीची दोनला अंबाजोगाईच्या कोर्टात तारीख हाय.

उत्तरेश्वर : तू ऊस तोडायला जातोस ना? बिट म्हणजे एक ऊस. बाइट म्हणजे आठ उसांची मोळी. फाईल मोजलीय मोळ्यांत आन वायर मोजलीय उसांत. मला वाटलं सेकंदाला बारा मोळ्या जातील. जातात दीड.

रोहिणी : इतकी वर्षं स्टुडिओ चालवला तुमी. हे आज कळतंय?

उत्तरेश्वर : तवा रात्री लावून झोपायचो. सकाळी झालेलं असायचं. किती वेळ लागला हे कोण बघतंय?

भागवत : आता आमी बघतोय. मोबाईलनं स्क्रीनचंच शूटिंग घेऊ, चला.

रोहिणी : किती वेळा सांगू, भागवत? वकीलबाईंला मूळ फाईल पाहिजे, तारखेसकट. मोबाईलचं दिलं की तो हनुमान म्हणंल, खोटं बनवलंय. माझ्याशी लग्न झालंच न्हाई म्हणतोय तो.

भागवत : मग डिस्कच काढा की. बीडला नव्या मशीनला लावू.

उत्तरेश्वर : ऐक जरा, आतून खरखर ऐकू येती का? ती हलवली की गेली. मी तिला हात लावणार न्हाई.

रोहिणी : आज पुरावा न्हाई दिला तर जजसाहेब पुरावा घेणंच बंद करणारेत. मागच्या तारखेलाच म्हणले. अन तुमी मला ऊस अन मोळी सांगताय.

उत्तरेश्वर : रागव तू, रागव. पण एक हाय. ही जुनी विंडोज मोठी फाईल घेत न्हाई, म्हणून मी तवा नऊ तुकडे केलते. एका तुकड्याला पाऊण तास.

भागवत : हे आधी सांगायचं की, काका.

उत्तरेश्वर : तुमी बोलू दिलं का?

रोहिणी : बाराला निघावंच लागंल. म्हणजे एकच तुकडा. मंगळसूत्राचा द्या.

उत्तरेश्वर : त्यात कॅमेरा तुझ्यावर हाय. त्याचे नुसते हात दिसतात.

रोहिणी : मग अक्षतांचा.

उत्तरेश्वर : मुंडावळ्या, फुलांच्या माळा. त्याची आई बी ओळखायची न्हाई.

रोहिणी : म्हणजे अख्ख्या लग्नात नवऱ्याचं तोंडच न्हाई? काय शूटिंग केलती, काका?

उत्तरेश्वर : एका तुकड्यात हाय. सहाव्या. चांगलं हाय, समोरून.

रोहिणी : मग लावा की तो. वाट कशाची बघताय?

उत्तरेश्वर : भागवत, तू सांग हिला.

भागवत : तुमच्याकडं अजून हाय ते? अण्णांनी काढून टाका म्हणलं होतं.

उत्तरेश्वर : सीडीतून काढलं. इथून काढायचं राहून गेलं.

रोहिणी : काय हाय सहाव्यात?

भागवत : आक्का, तू आत साडी बदलत होतीस तवाचं हाय. हनुमान पंगतीतून उठत नव्हता. मोटरसायकल पाहिजे म्हणला.

रोहिणी : मोटरसायकल तर अण्णांनी जावयाला हौसेनं दिली.

भागवत : तुला तसं सांगितलं.

उत्तरेश्वर : तो कॅमेऱ्याकडं बघून बोलतोय. रोहिणी आता माझी बायको हाय, तिला गाडीवर बसवूनच नेणार, न्हाईतर हितंच ठेवा. नाव घेऊन म्हणतोय. मांडव दिसतो, माणसं दिसतात.

रोहिणी : अन अण्णा?

भागवत : राहू दे ना, आक्का.

रोहिणी : अण्णा काय करत होते?

भागवत : टोपी काढून त्याच्या पायावर ठेवली. दोनदा.

उत्तरेश्वर : मी कॅमेरा फिरवायला पाहिजे होता. न्हाई फिरवला.

रोहिणी : सतरा वर्षं मी त्यांला म्हणत आले, गाडी कशाला दिली, तुमीच लाडावून ठेवला त्याला. एकदा बी उलटून बोलले न्हाईत.

भागवत : दुसरा तुकडा घ्यायचा का मग?

रोहिणी : दुसऱ्यात त्याचं तोंड न्हाई. सहावाच लावा, काका.

उत्तरेश्वर : लावला. चाललंय बघ. बसा दोघं, चहा सांगतो.

भागवत : आक्का, अण्णा तर सकाळच्या गाडीनंच कोर्टात जाऊन बसलेत. साहेबांसमोर हे लावलं की त्यांच्या बी समोर लागंल.

रोहिणी : लावायच्या आधी तू त्यांला बाहेर काढ.

भागवत : ते उठायचे न्हाईत. आज तर मुळीच न्हाई.

रोहिणी : रोहिणीला भूक लागलीय म्हण. उठतील.