बाहेरच्या हवेचा खटका

ताई : ...आणि या माझ्या धाकट्या भावाचं म्हणणं असं, की वास गाडीत नाहीच, माझ्या डोक्यात आहे. तेव्हा तुम्ही आधी गाडी तपासा. डोक्यासाठी याने उद्याचा डॉक्टर ठरवलेला आहे.

भाऊ : असं नाही म्हणालो गं मी. मला वास येत नाही, इतकंच म्हणालो. शेजारच्या काकूंना आला नाही. तुझी लेक येऊन गेली, तिलाही आला नाही.

ताई : आणि या सगळ्या साक्षीदारांना फिरवताना गाडी कोण चालवत होतं?

भाऊ : मीच. तुला दगदग नको म्हणून.

मेकॅनिक : मॅडम, वास कसला? ओल्या मोज्यांसारखा?

ताई : ओले मोजे मी ओळखते, मुलांच्या वसतिगृहाची रेक्टर होते. हा कुजका वास आहे. गोडसर, घशाशी येणारा.

मेकॅनिक : एसी लावल्यावर येतो?

ताई : एसीचा संबंध नाही. नुसता पंखा लावला तरी येतो.

मेकॅनिक : मग फिल्टर बघू. साहेब, जरा बाजूला व्हा, हा पुढचा कप्पा काढतो... हे बघा. धूळ आहे, पाचोळा आहे. पण कुजलेलं काही नाही.

भाऊ : बघ ताई.

ताई : बघते आहे. तू इतक्या लवकर खूश का झालास, तेही बघते आहे.

मेकॅनिक : आता पंखा लावून बघतो... नाही बा. मला तरी काही येत नाही. एक छानसं परफ्यूम लावून देऊ का?

ताई : मढ्याला अत्तर लावल्याने ते उठून बसत नाही.

भाऊ : ताई, माणूस रोज हेच काम करतो. त्यालाही येत नाही म्हणतोय. आता तरी मान ना. उद्या डॉक्टरकडे जाऊ, चार औषधं देईल. तोवर गाडीची किल्ली माझ्याकडे राहू दे, आणि तूही माझ्याकडे राहा. लेक तेच म्हणत होती. आईला भास होत असतील तर तिने एकटीने राहू नये, घर बंद करून टाकू या, असं.

ताई : म्हणजे किल्ली, घर आणि नाक, तिन्ही एका हप्त्यात जप्त. मेकॅनिकदादा, पंखा आत्ता हवा कुठून ओढतोय?

मेकॅनिक : आतलीच. आतली हवाच फिरतेय. हा खटका तसा आहे ना.

ताई : तो तुम्ही तसा केलात?

मेकॅनिक : छे. मी हातच लावला नाही. होता तसाच आहे.

ताई : माझा खटका कायम बाहेरच्या हवेवर असतो. तीच ती हवा पुन्हा पुन्हा हुंगायचं काम मी विद्यापीठाच्या चर्चासत्रांपुरतं राखून ठेवलं होतं. गाडी इथवर कोणी आणली रे?

भाऊ : मी आणली. धूळ येते बाहेरून, म्हणून सरकवला असेल. सवय असते हाताला.

ताई : हाताला. हल्ली तू आधी गाडीत बसतोस आणि मग वळसा घालून येऊन मला दार उघडून देतोस. साठी उलटल्यावर तुला एकाएकी एवढा शिष्टाचार सुचला, तेव्हाच मला पाणी मुरतंय असं वाटलं होतं. करा तो खटका बाहेर.

मेकॅनिक : केला... हं. मॅडम, मी जरा दार उघडतो. काच पण.

ताई : तुम्हालाही भास होतात का?

मेकॅनिक : भास कसला, डोळ्यांत पाणी आलं. हा वास आतला नाही. पुढच्या काचेखाली जाळी असते, बाहेरची हवा तिथून शिरते. तिथे काहीतरी मेलंय.

(मेकॅनिक बॉनेट उघडून काचेखालची जाळी उचकटू लागतो. धाकटा भाऊ जाळीकडे बघत नाही. ताई दुसरीकडे कुठे बघत नाही.)

मेकॅनिक : उंदीर. चांगला गलेलठ्ठ होता बिचारा. आणि या निळ्या वड्या बघा, विषाच्या. तारेने बांधून ठेवल्यात कोणीतरी, हलू नयेत म्हणून.

ताई : बोला, बंधुराज.

भाऊ : वायरी कुरतडत होते गं. गाडी धुवायला नेली तेव्हा ठेवल्या. तुझ्या भल्यासाठीच.

ताई : ते मान्य. उंदीर मारलास याबद्दल माझी तक्रार नाही. तो मेल्याचं तुला कधी कळलं?

मेकॅनिक : मी चहा सांगून येऊ का?

ताई : थांबा. घरच्या कोर्टात बाहेरचा एक माणूस असलेला बरा.

भाऊ : वास आला तेव्हाच कळलं. काढून टाकणार होतो, शपथ. पण तू लेकीला फोनवर वासाचं सांगितलंस. तिने मला विचारलं, मामा, तुला येतो का? मी सहज 'नाही' म्हणालो. विष मी ठेवलं म्हणून तू डोकं खाल्लं असतंस. तर तीच म्हणाली, मग आईला तुझ्याकडे ने. मी नाही सुचवलं ते.

ताई : नाही, तू फक्त खटका सरकवत राहिलास.

भाऊ : आमची ही गेल्यापासून घरात टीव्हीला उत्तरं देत बसतो मी. वाटलं, तू आलीस तर निदान भांडायला कोणी असेल.

ताई : म्हणून सख्ख्या बहिणीला भ्रमिष्ट ठरवायचं. मी रात्री उठून माझेच हात हुंगत होते, ठाऊक आहे? मरणाचा वास आपल्यालाच येतोय की काय, अशा शंकेपर्यंत आणलंस तू मला.

भाऊ : सरळ 'राहायला ये' म्हटलं असतं, तर आली असतीस?

ताई : नाही.

भाऊ : मग?

ताई : मग तुला नकार मिळाला असता. नकाराने माणूस मरत नाही. एखाद्या रविवारी जेवायला आले असते, भांडून परत गेले असते.

मेकॅनिक : मॅडम, जाळी धुऊन लावतो. पण वास लगेच जाणार नाही. काचा उघड्या ठेवून चालवा.

ताई : चालवीन. किल्ली द्या, त्याच्याकडे नको, माझ्याकडे. आणि तू फोन काढ. लेकीला लाव.

भाऊ : तूच सांग ना तिला.

ताई : माझ्या शब्दाचं वजन तू उतरवून ठेवलं आहेस. ते तुझ्याच हाताने परत ठेव. मी मध्ये बोलणार नाही.

भाऊ : ...हॅलो. हो, मामा बोलतोय. आई बरी आहे. ऐक ना. गाडीत वास होता. नाही, आत्ताच असं नाही... मला पहिल्या दिवसापासून येत होता.