गच्चीवरचा लेझर आणि चाळीस चादरी

...नाही, पण मला विचारायचं तरी! गच्ची घरमालकाची, मान्य, पण बावीस वर्षं तिथे दोऱ्या कुणाच्या? माझ्या! तुम्हाला सांगतो, माझी लाँड्री, हॉस्पिटलच्या चादरी धुतो, रोज चाळीस, आणि एका सकाळी वर जातो तर दोऱ्या गुंडाळून कोपऱ्यात, मधोमध कपाटाएवढं मशीन आणि शेजारी एक चष्मेवाली पोरगी! संशोधक म्हणे! मला म्हणते, ‘काका, इथून आकाशात लेझर सोडला की हवेतल्या वाफेचे थेंब बनतात.’ म्हटलं, ‘म्हणजे पाऊस पाडणार?’ तर म्हणते, ‘पाऊस पुढचं पुढे हो, आधी थेंब! डोळ्यांना न दिसणारे!’ अहो, न दिसणाऱ्या थेंबांसाठी माझ्या धडधडीत दिसणाऱ्या चादरी खाली? मी वाळवू कुठे?

बरं, लेझर चालू असताना गच्चीवर फिरकायचं नाही. आणि चालू कधी? हवा दमट असेल तेव्हा, म्हणजे रोज सकाळी सहा ते अकरा, आणि चादरी बाराला हॉस्पिटलात पोचवायच्या! मग काय, जिन्यात चादरी, पलंगावर चादरी... बायको म्हणते, ‘मी स्वयंपाकघरात उभी आहे की ऑपरेशन थिएटरात?’ समोरचा शिंपी दात काढतो, ‘काय हो, रविवारी जरा पाडा की, कुंड्या सुकल्यात!’ आणि हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टर फोनवर, ‘पुन्हा ओलसर चादरी आल्या तर दुसरी लाँड्री बघू हं!’ बघा! बघा ना! पण मी वाळवू कुठे?

महिनाभर हेच. मग मंगळवारी मशीनचं भिंग बिघडलं, ते घेऊन पोरगी गेली दुरुस्तीला. आकाश कसं, धुतल्यासारखं! दोऱ्या पुन्हा बांधल्या, चाळीसच्या चाळीस चादरी टाकल्या त्यांवर, आणि अर्ध्या तासात... धो धो! अहो, धो धो!

असा भडकलो, तिथेच भिजत फोन लावला, ‘ताई, हा तुमचा पाऊस बघा!’ तर ती म्हणते, ‘पाऊस? काका, मशीन बंद आहे ना?’ ‘बंद म्हणजे काय, भिंग तुमच्या पिशवीत आहे!’ मग नाक ओढल्याचा आवाज. ‘दोन वर्षं झाली या प्रयोगाला, काका... मी असताना एक थेंब नाही, आणि मी गेल्यावर...’

आता रडणाऱ्या पोरीवर ओरडायचं कसं, सांगा! मीच म्हटलं, ‘अहो, कालच्या लेझरचा असेल थोडा...’ तशी रडणं थांबवून खेकसली, ‘काका, असं नसतं चालत! मशीन बंद असताना किती पडतो तेही लागतंच आम्हाला. कधी सुरू झाला? बादली ठेवा, पट्टीनं मोजा, दर पाच मिनिटांनी लिहा!’

तर मी गच्चीत, डोक्यावर प्लास्टिक, हातात पट्टी, आणि खालून बायको घसा फोडतेय, ‘अहो, चादरी काढा! चादरी!’ आणि मी, मीच बरं का, वरून ओरडतोय, ‘थांब गं, नोंद चाललीये!’